बुरशी कशी जगते आणि त्यातून आपल्याला काय मिळते

२०१४ साली लंडनच्या क्यू येथील शाही वनस्पती उद्यानातील दोन कवकशास्त्रज्ञांनी वाळवलेल्या पोर्सिनी मश्रूमचे एक पाकीट विकत आणले, त्यातील पंधरा तुकडे निवडले आणि त्यांचा डीएनए तपासला. ते तुकडे तीन वेगवेगळ्या प्रजातींचे निघाले आणि तिन्ही प्रजातींना तोपर्यंत शास्त्रीय नावच नव्हते. माल चीनच्या जंगलांतून आलेला होता. ही भूछत्रे गोळा केली जात होती, वाळवून पाकिटांत भरली जात होती, हजारो मैलांवरच्या ग्राहकांकडून शिजवून खाल्ली जात होती. फक्त विज्ञानाच्या दप्तरी त्यांची नोंद नव्हती.

डोळ्यांना दिसणाऱ्या, हाताने खुडता येणाऱ्या आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या बुरशीची ही स्थिती असेल, तर मातीच्या कणांत, पानांच्या आत किंवा किड्यांच्या शरीरात राहणाऱ्या बुरशीविषयी आपल्याला किती ठाऊक असेल, याची कल्पना करता येते. क्यूच्याच २०२३ च्या जागतिक अहवालानुसार शास्त्रीय नाव मिळालेल्या बुरशीच्या प्रजाती सुमारे १ लाख ५५ हजार आहेत, तर पृथ्वीवरील एकूण प्रजाती २५ लाखांच्या घरात असाव्यात. दहापैकी नऊहून अधिक प्रजाती अजून निनावी आहेत, असा याचा अर्थ होतो. दरवर्षी सुमारे अडीच हजार नव्या प्रजातींची नोंद होते; याच गतीने काम चालले, तर उरलेल्यांची नोंद पूर्ण व्हायला नऊशेहून अधिक वर्षे लागतील.

जे मोजलेच नाही त्याचा आकडा येतो कुठून, हा प्रश्न येथे कोणालाही पडावा. १९९१ साली डेव्हिड हॉक्सवर्थ या ब्रिटिश कवकशास्त्रज्ञांनी एक सरळ युक्ती वापरली. ब्रिटनमधील वनस्पती आणि बुरशी या दोहोंचा अभ्यास तुलनेने पूर्ण झालेला होता आणि तेथे वनस्पतीच्या एका प्रजातीमागे बुरशीच्या सुमारे सहा प्रजाती आढळत होत्या. हेच प्रमाण साऱ्या जगाला लावून त्यांनी १५ लाखांचा अंदाज मांडला. अंदाज मोलाचा ठरला, परंतु ब्रिटनमधील प्रमाण विषुववृत्तीय जंगलांना लागू पडेलच असे नाही, हा त्यातील कच्चा दुवा होता. २०१४ मध्ये जगातील ३६५ ठिकाणांच्या मातीचा डीएनए तपासणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि वनस्पतींची विविधता जास्त असेल तेथे बुरशीची विविधताही त्याच प्रमाणात जास्त असते, हे गृहीतक त्यात टिकले नाही. ध्रुवांकडे जावे तसतशी वनस्पतींची संख्या झपाट्याने घटते, बुरशीची मात्र तितकी घटत नाही. झाडांच्या मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीचा एक मोठा गट तर थंड प्रदेशांतच अधिक बहरलेला दिसतो. २०१७ मध्ये हॉक्सवर्थ आणि रॉबर्ट ल्युकिंग यांनी नवा हिशेब करून २२ ते ३८ लाख असा पल्ला दिला. वरच्या आणि खालच्या टोकांत १६ लाखांचा फरक असलेला अंदाज ज्या शास्त्रात आजही प्रमाण मानला जातो, ते शास्त्र किती सुरुवातीच्या टप्प्यावर आहे हे वेगळे सांगायला नको.

धाग्यांचे शरीर

बुरशी इतकी दुर्लक्षित का राहिली, याचे उत्तर तिच्या शरीररचनेत आहे. यीस्टसारख्या एकपेशीय जाती सोडल्या, तर बहुतेक बुरशीचे शरीर म्हणजे अतिशय बारीक तंतूंचे जाळे असते. एकेका तंतूची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. हे तंतू टोकाकडून वाढतात, फाटे फोडतात, एकमेकांना मिळतात आणि अन्न असेल त्या दिशेने पसरत जातात. आपल्याला दिसणारे भूछत्र हा केवळ बीजाणू पसरवण्यासाठी काही दिवसांपुरता उभारलेला भाग असतो. मूळ जीव खाली मातीत किंवा लाकडात असतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या मॅलूर राष्ट्रीय वनात आर्मिलारिया वर्गातील एकाच बुरशीचे जाळे सुमारे ९६५ हेक्टरांवर पसरलेले आढळले आहे. जंगलातून चालणाऱ्याला मात्र काही मरणारी झाडे आणि हंगामात उगवणारी भूछत्रे यांपलीकडे तेथे काही दिसत नाही.

बुरशीला वनस्पतींत गणण्याची सवय फार जुनी आहे आणि अजूनही पुष्कळांच्या मनातून ती गेलेली नाही. प्रत्यक्षात बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची असते, म्हणजे कीटकांचे कवच ज्या पदार्थाचे बनते त्याचीच. ती स्वतःचे अन्न तयार करत नाही आणि साखरेचा साठा स्टार्चऐवजी प्राण्यांप्रमाणे ग्लायकोजेनच्या रूपात करते. १९९० च्या दशकात जनुकांच्या तुलनेतून हे पक्के झाले की उत्क्रांतीच्या वंशवृक्षावर बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या अधिक जवळ आहे. ही जवळीक पुढे औषधांच्या संदर्भात महत्त्वाची ठरते.

या लेखासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र तिच्या खाण्याची पद्धत आहे. प्राणी अन्न आधी पोटात घेतात आणि मग पचवतात. बुरशी अन्नातच राहते, पाचक रसायने शरीराबाहेर सोडते आणि विरघळलेले अन्न तंतूंच्या भिंतीतून शोषून घेते. उघड्यावर पचवलेले अन्न शेजारचे जिवाणू आणि दुसऱ्या बुरशी पळवू शकतात. त्यामुळे तिला दोन गोष्टी लागतात: कठीण पदार्थ फोडणारी प्रभावी एन्झाइमे आणि स्पर्धकांना दूर ठेवणारी रासायनिक अस्त्रे. माणसाने बुरशीपासून मिळवलेल्या बहुतेक उपयोगी वस्तू या दोन गरजांतून निर्माण झाल्या आहेत. बुरशीच्या उपयोगांच्या याद्या पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात. पण ती बुरशी मुळात जगते कशी हे न पाहता वाचलेली यादी, माझ्या मते, फारसे काही शिकवत नाही.

तंबू, तांदूळ आणि भुंग्याची अळी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू आणि सुती सामान कुजून निकामी होत होते. कारण शोधताना ट्रायकोडर्मा वर्गातील एक बुरशी सापडली, जी सुती धाग्यातील सेल्युलोज असाधारण वेगाने फोडत होती. सैन्याच्या दृष्टीने ती शत्रूच होती, पण तिची ही खोडच नंतर उद्योगाला हवीशी झाली. ट्रायकोडर्मा रीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बुरशीची एन्झाइमे आज डेनिम कापडाला मऊपणा आणि फिकेपणा देण्यासाठी, कागदाच्या उद्योगात आणि पिकांच्या अवशेषांपासून इंधन बनवण्यासाठी वापरली जातात. औद्योगिक वापरात असलेले तिचे वाण त्या बेटांवरून आणलेल्या एकाच मूळ नमुन्यापासून तयार झालेले आहेत. २००८ मध्ये तिच्या जनुकसंचाचे वाचन झाले, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट समोर आली: सेल्युलोज फोडणारी जनुके तिच्याकडे इतर तशा बुरशींच्या तुलनेत कमीच आहेत. तिचे बळ जनुकांच्या संख्येत नाही. आहेत त्या एन्झाइमांचा ती प्रचंड प्रमाणात स्राव करते.

अस्त्रांचे सर्वपरिचित उदाहरण पेनिसिलिनचे आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे १९२८ मधील निरीक्षण आणि १९४५ चे नोबेल पारितोषिक ही कथा शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक असल्याने येथे पुन्हा सांगत नाही. तितकेच महत्त्वाचे, पण कमी बोलले जाणारे उदाहरण कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांचे आहे. जपानी जैवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी असा विचार केला की प्रत्येक बुरशीला पेशीच्या पटलासाठी एर्गोस्टेरॉल नावाचा, कोलेस्टेरॉलशी नाते असलेला पदार्थ लागतो. तेव्हा स्पर्धकाचा हा पदार्थ तयार होण्याची प्रक्रियाच रोखणारे एखादे रसायन कोणत्या तरी बुरशीने विकसित केले असले पाहिजे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे सहा हजार वाण तपासले. क्योतोच्या एका धान्याच्या दुकानातील तांदळावर वाढलेल्या पेनिसिलियम सिट्रिनम या निळसर हिरव्या बुरशीत त्यांना १९७३ मध्ये असे रसायन सापडले. पुढे अ‍ॅस्परजिलस टेरियस या दुसऱ्या बुरशीपासून मिळालेले लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. येथे उपयोग योगायोगाने हाती लागलेला नाही. बुरशीची गरज ओळखून तो शोधण्यात आला.

सायक्लोस्पोरिनची हकिकत याच्या उलट दिशेने घडली, आणि ती थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९६९ साली नॉर्वेतील हार्डांगरविडा या ओसाड, थंड पठारावरून घेतलेला मातीचा नमुना स्वित्झर्लंडमधील सँडोज कंपनीच्या प्रयोगशाळेत पोहोचला. कंपनी नवी प्रतिजैविके शोधत होती. या मातीतील एका बुरशीच्या अर्कात इतर बुरशींना रोखण्याची क्षमता होती, पण ती फार मोठी नव्हती. पुढच्या चाचण्यांत मात्र हे रसायन रोगप्रतिकारशक्तीचा एक विशिष्ट भाग शांत करते आणि बाकीच्या पेशींना फारशी इजा करत नाही, असे दिसले. अवयव प्रत्यारोपणात शरीर नवा अवयव नाकारते, हीच त्या काळातील सर्वांत मोठी अडचण होती. १९८३ मध्ये सायक्लोस्पोरिनला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि मूत्रपिंड, यकृत व हृदय यांच्या प्रत्यारोपणाचे यश त्यानंतर झपाट्याने वाढले.

ज्या बुरशीपासून हे औषध येत होते, ती टोलिपोक्लेडियम इन्फ्लेटम नावाची मातीतील साधी बुरशी समजली जात होती. १९९० च्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील अभ्यासकांना भुंग्याच्या एका अळीच्या मृत शरीरातून बाहेर आलेली बुरशी सापडली. तिचे बीजाणू प्रयोगशाळेत वाढवले, तेव्हा त्यांतून उगवली ती टोलिपोक्लेडियम इन्फ्लेटमच. १९९६ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि इतकी वर्षे जिला मातीची बुरशी म्हटले जात होते, ती प्रत्यक्षात किड्यांना मारणाऱ्या बुरशीची एक अवस्था आहे, हे स्पष्ट झाले. किड्याच्या शरीरात शिरून जगणाऱ्या जीवाकडे प्रतिकारशक्ती दाबणारे रसायन असावे, हे मागाहून पाहता अगदी सुसंगत वाटते. अर्थात निसर्गात ते नेमके याच कामासाठी वापरले जाते असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा अद्याप नाही. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारावरील फिंगोलिमोड हे २०१० मध्ये मान्य झालेले औषधही कीटकांवर जगणाऱ्या दुसऱ्या एका बुरशीच्या रसायनात फेरफार करून बनवलेले आहे आणि तेही प्रतिकारपेशींवरच काम करते.

या प्रकरणात आणखी एक गुंता होता. एकाच बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्था दिसायला इतक्या वेगळ्या असतात की शास्त्रज्ञ त्यांना दोन वेगळी नावे देत आणि नियमही तशी मुभा देत. डीएनएमुळे दोन्ही अवस्था एकाच जीवाच्या आहेत हे सहज दाखवता येऊ लागल्यावर २०११ मध्ये मेलबर्न येथे भरलेल्या परिषदेत ही दुहेरी पद्धत बंद करण्याचे ठरले. २०१३ पासून एका बुरशीला एकच नाव असा नियम लागू आहे.

कारखान्यातील यीस्ट आणि काळी बुरशी

उद्योगातील वापराचा आवाका मोठा आहे, पण त्यामागची तत्त्वे थोडीच आहेत. सायट्रिक आम्ल एके काळी लिंबांपासून काढले जात असे. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी दाखवले की अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेच्या आम्लधर्मी द्रावात ते भरपूर बनवते, आणि काही वर्षांतच लिंबांवरचे अवलंबन संपले. आज जगात दरवर्षी २० लाख टनांहून अधिक सायट्रिक आम्ल तयार होते आणि त्यातील बहुतांश या बुरशीकडूनच येते. फ्युझेरियम व्हेनेनेटम या बुरशीचे तंतू मोठ्या टाक्यांत वाढवून केलेले प्रथिनयुक्त अन्न ब्रिटनमध्ये १९८५ पासून विकले जात आहे.

यीस्टची गोष्ट थोडी वेगळी आहे. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशीला केंद्रक असते, म्हणजे तिची अंतर्गत व्यवस्था जिवाणूपेक्षा आपल्या पेशींशी अधिक जुळते, शिवाय ती वाढवायला सोपी असते. १९९६ मध्ये केंद्रक असलेल्या जीवांपैकी सर्वप्रथम तिच्याच जनुकसंचाचे पूर्ण वाचन झाले. हेपटायटिस ब ची लस आणि इन्सुलिनचा मोठा भाग यीस्टमध्ये तयार होतो. मलेरियावरील आर्टेमिसिनिन हे औषध एका वनस्पतीतून मिळते. त्या वनस्पतीची संबंधित जनुके यीस्टमध्ये घालून औषधाचा पूर्वपदार्थ बनवता येतो, हे २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील जे कीसलिंग यांच्या गटाने दाखवले आणि २०१३ पर्यंत एका लिटर द्रावामागे २५ ग्रॅम इतके उत्पादन साधले गेले. ही तांत्रिक दृष्टीने मोठी मजल होती, तरी शेतात पिकवलेल्या वनस्पतीपासून मिळणारे स्वस्त औषध बाजारातून हटवणे तिला जमले नाही. प्रयोगशाळेतील यश आणि बाजारातील यश यांतील हे अंतर बुरशीविषयीच्या बातम्या वाचताना नेहमी ध्यानात ठेवावे लागते.

प्लॅस्टिक खाणाऱ्या बुरशीच्या बातम्यांना हे विशेष लागू पडते. २०११ मध्ये येल विद्यापीठाच्या गटाने इक्वेडोरच्या जंगलातील वनस्पतींमधून मिळवलेल्या पेस्टालोशिऑप्सिस या बुरशीच्या काही वाणांत पॉलियुरेथेन नावाचे प्लॅस्टिक फोडण्याची क्षमता असल्याचे दाखवले. निष्कर्ष खरे आहेत. परंतु पॉलियुरेथेनच्या साखळीत एन्झाइमांना पकडता येतील असे रासायनिक दुवे असतात. पिशव्या आणि बाटल्यांची झाकणे ज्यांची बनतात त्या पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्यांत तसे दुवे नसतात, म्हणून ती कितीतरी चिवट ठरतात. ताटलीतील पातळ थर काही आठवड्यांत विरघळणे आणि शहराच्या कचऱ्याचा डोंगर कमी होणे यांत मोठी दरी आहे. लाकडातील लिग्निन हा अत्यंत चिवट पदार्थ फोडायला बुरशी शिकली ती, जनुकांच्या तुलनेनुसार, सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी. त्यामुळेच पृथ्वीवर दगडी कोळसा साठण्याचे प्रमाण घटले, असा तर्क २०१२ मध्ये मांडला गेला होता. २०१६ मधील दुसऱ्या अभ्यासाने कोळशाचे कारण हवामान आणि भूरचनेत अधिक असल्याचे दाखवून त्याला आव्हान दिले. आकर्षक कल्पनेची अशी उलटतपासणी या क्षेत्रात वारंवार होते आणि ती व्हायलाच हवी.

मुळांशी चालणारा व्यवहार

जमिनीवरील बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांशी बुरशीचे सहजीवन असते. बुरशीचे तंतू मुळांपेक्षा कितीतरी बारीक असल्याने मातीच्या सूक्ष्म फटींत शिरतात आणि फॉस्फरस, नायट्रोजन व पाणी वनस्पतीला पुरवतात. बदल्यात त्यांना प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेली साखर आणि मेद मिळतात. ही जोडी फार जुनी आहे: स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत, खरी मुळे नसलेल्या आद्य वनस्पतींच्या पेशींतही, अशी बुरशी स्पष्ट दिसते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार वनस्पती दरवर्षी सुमारे १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा कार्बन या बुरशींकडे वळवतात. खनिज इंधनांच्या वार्षिक उत्सर्जनाच्या ३६ टक्क्यांइतका हा प्रवाह आहे. हा आकडा सांगताना अनेक ठिकाणी प्रवाह आणि साठा यांची गल्लत केली जाते. बुरशीकडे गेलेल्या कार्बनपैकी काही भाग तिच्या श्वसनातून पुन्हा हवेत जातो आणि किती भाग मातीत दीर्घकाळ टिकतो, हे अजून नीट मोजले गेलेले नाही.

हा व्यवहार कसा चालतो, हे २०२५ मध्ये अधिक जवळून पाहता आले. अ‍ॅम्स्टरडॅममधील संशोधकांनी स्वयंचलित यंत्राच्या साहाय्याने वाढत्या जाळ्याची सतत छायाचित्रे घेतली आणि पाच लाखांहून अधिक जोडबिंदूंचा मागोवा ठेवला. जाळे आंधळेपणाने दाट होत जात नाही, असे त्यांना दिसले. वाढणाऱ्या टोकांची एक लाट पुढे सरकते, तिच्यामागे जाळ्याची घनता एका मर्यादेपर्यंत पोहोचून थांबते, आणि एकाच तंतूत द्रव दोन्ही दिशांनी वाहत असतो, म्हणजे कार्बन टोकांकडे नेण्याचे आणि फॉस्फरस मुळांकडे आणण्याचे काम एकाच नळीतून चालते.

झाडे या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई झाड पिलांना अन्न पाठवते, अशी वर्णने गेल्या काही वर्षांत फार लोकप्रिय झाली आहेत. त्यांचे मूळ १९९७ च्या एका खऱ्या प्रयोगात आहे, ज्यात झाडांदरम्यान कार्बन गेल्याचे आढळले होते. मात्र २०२३ मध्ये याच विषयावर आयुष्य घालवलेल्या तीन शास्त्रज्ञांनी उपलब्ध पुराव्यांची छाननी केली. जंगलात अशी सामायिक जाळी किती व्यापक आहेत याचे नकाशे अगदी मोजक्या प्रजातींपुरते आहेत. त्यांतून रोपांना लाभ होतो हे प्रत्यक्ष जंगलात सातत्याने दिसलेले नाही. आणि मोठी झाडे आपल्याच रोपांना झुकते माप देतात याला जंगलातील प्रयोगांचा आधार नाही, असे त्यांचे निष्कर्ष होते. मला ही छाननी त्या रम्य कथेपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते, कारण बुरशीला केवळ झाडांची निरोप्या मानले की तिचे स्वतःचे हितसंबंध नजरेआड होतात.

सहजीवन किती गुंतागुंतीचे असू शकते याचा सर्वांत नेमका दाखला अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात आहे. तेथील गरम झऱ्यांजवळच्या मातीत एक गवत वाढते. त्याच्या आत कर्व्ह्युलारिया वर्गातील एक बुरशी राहते. गवत एकटे किंवा बुरशी एकटी ३८ अंश सेल्सिअसच्या वर तग धरत नाही, पण दोघे एकत्र असले की मातीचे तापमान ६५ अंशांवर गेले तरी जगतात. २००७ मध्ये कळले की या जोडीतही तिसरा भागीदार आहे: बुरशीच्या आत एक विषाणू असतो आणि बुरशीतून तो काढून टाकला की उष्णता सोसण्याची क्षमता नाहीशी होते. विषाणू परत घातला की ती पुन्हा येते. हीच बुरशी विषाणूसह टोमॅटोच्या रोपांत घातली असता त्यांचीही उष्णता सोसण्याची ताकद वाढल्याचे त्याच अभ्यासात दिसले. गवताचा अभ्यास करणाऱ्याने फक्त गवत पाहिले असते, तर हे उत्तर त्याला कधीच मिळाले नसते.

जवळच्या नात्याची किंमत

बुरशी प्राण्यांच्या जवळची असल्याचे वर आले आहे. त्याचा थेट परिणाम असा की तिला मारेल पण रुग्णाला इजा करणार नाही असे औषध शोधणे फार अवघड जाते, कारण पेशींतील बहुतेक यंत्रणा दोघांत सारख्या आहेत. फरक थोड्या ठिकाणी आहेत, आणि त्यांतील मुख्य म्हणजे कायटिन व ग्लुकानची पेशीभित्तिका आणि पटलातील एर्गोस्टेरॉल. आजची प्रमुख बुरशीनाशक औषधे यांपैकीच एखाद्या ठिकाणी काम करतात. पेशीभित्तिकेवर काम करणारे कॅस्पोफंजिन हे औषध २००१ मध्ये मान्य झाले. तेही एका बुरशीच्याच अस्त्रापासून बनवलेले आहे.

औषधांचे गट इतके थोडे असताना त्यांतील एक गट शेतातही वापरला जातो, ही चिंतेची बाब आहे. पिकांवरील रोगांसाठी फवारली जाणारी अ‍ॅझोल प्रकारची बुरशीनाशके आणि रुग्णांना दिली जाणारी अ‍ॅझोल औषधे एकाच एन्झाइमावर घाव घालतात. कुजणाऱ्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीत त्यामुळे प्रतिकारक्षमता निर्माण झाली, आणि अशा वाणांचा संसर्ग ज्यांनी ही औषधे कधी घेतलीच नव्हती अशा रुग्णांनाही होऊ लागला. नेदरलँड्समधील अभ्यासांनी हा दुवा ठळकपणे पुढे आणला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये प्रथमच रोगकारक बुरशींची प्राधान्ययादी जाहीर केली. तिच्यातील १९ नोंदींपैकी चार सर्वांत गंभीर गटात आहेत आणि ही बुरशी त्यांतील एक आहे. दुसरी आहे कँडिडा ऑरिस, जिचे वर्णन २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानातील नमुन्यावरून झाले आणि जी पुढील काही वर्षांत वेगवेगळ्या खंडांत, एकमेकींशी दूरचे नाते असलेल्या वाणांच्या रूपाने, जवळपास एकाच सुमारास प्रकट झाली. वाढत्या तापमानामुळे ती माणसाच्या शरीराच्या उष्णतेला सरावली असावी, असा एक कयास आहे. तो अजून सिद्ध झालेला नाही.

वन्यजीवांना बसलेला फटका याहून मोठा आहे. बेडकांच्या त्वचेवर वाढणाऱ्या एका कायट्रिड बुरशीमुळे किमान ५०१ उभयचर प्रजातींची संख्या घटली आणि त्यांतील ९० प्रजाती नामशेष झाल्या असाव्यात, असे २०१९ च्या एका जागतिक पाहणीत आढळले. ही बुरशी पूर्व आशियातून प्राण्यांच्या व्यापाराबरोबर जगभर गेल्याचे जनुकीय पुरावे सांगतात.

नाव नसलेल्यांचे काय

बुरशीच्या संवर्धनाकडे वळावे, तर अडचण पुन्हा नावाशीच येऊन ठेपते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत मार्च २०२५ पर्यंत सुमारे १,३०० प्रजातींचे मूल्यमापन झाले होते आणि त्यांतील किमान ४११ धोक्यात असल्याचे दिसले. २५ लाखांच्या अंदाजापुढे १,३०० ही संख्या नगण्य आहे. २०२५ मध्येच मुळांशी जोडलेल्या बुरशींचा जागतिक नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात अतिविविधतेची जी ठिकाणे आढळली, त्यांतील दहा टक्क्यांहूनही कमी क्षेत्र आजच्या संरक्षित प्रदेशांत येते. संरक्षित क्षेत्रे आखताना झाडे आणि प्राणी पाहिले गेले, त्यामुळे हे स्वाभाविकच आहे.

मातीच्या चिमूटभर नमुन्यातून शेकडो बुरशींचे डीएनए-क्रम मिळतात, पण त्यांतील बहुतेकांचा जीव कोणी पाहिलेला नसतो. सध्याच्या नियमांनुसार नव्या प्रजातीला नाव द्यायचे, तर संग्रहालयात ठेवता येईल असा नमुना लागतो. केवळ डीएनएच्या क्रमालाच नमुना मानावे, हा प्रस्ताव २०१८ च्या आंतरराष्ट्रीय कवकशास्त्र परिषदेत मंजूर झाला नाही. विरोधकांचे म्हणणे असे की क्रम वाचताना होणाऱ्या चुकांमुळे अस्तित्वातच नसलेल्या प्रजाती नोंदल्या जातील. समर्थकांचे म्हणणे असे की जे वाढवताच येत नाही त्याला नावाशिवाय ठेवणे म्हणजे त्याला अभ्यासातून आणि संरक्षणातून वगळणे आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र उपयोगाच्या दृष्टीने पाहिले, तर क्रम हाती आल्यावरही जीव हवाच असतो. थंड प्रदेशांच्या मातीत मोठ्या प्रमाणावर असलेल्या एका बुरशीगटाचे डीएनए २००३ पासून शास्त्रज्ञांना वारंवार मिळत होते. ती काय खाते, मुळांशी तिचे नाते काय, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. स्वीडनमधील संशोधकांनी झाडांच्या मुळांवरून मिळालेली एक अत्यंत मंद वाढणारी बुरशी जपून वाढवली, तिचा डीएनए त्या क्रमांशी जुळला आणि २०११ मध्ये आर्किओरायझोमायसेस फिनलेयी हे नाव तिला मिळाले. त्यानंतरच तिला एकेक अन्न देऊन पाहता आले आणि ती ग्लुकोजवर व सेल्युलोजवर वाढते, पण पाइनच्या मुळांना अपाय करत नाही, हे कळले. या गटातील इतर शेकडो प्रजाती आजही केवळ क्रमांच्या रूपानेच ठाऊक आहेत.